कातळावरची वेगळी पाल : नवी प्रजाती आहे हे ठरतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूर जिल्ह्यात घाटमाथ्यावर, देवराईलगतच्या कातळावर दिवसाढवळ्या फिरणारी बोटभर लांबीची पाल दिसते. डोळ्याची बाहुली गोल, गळा पिवळा. पुस्तकातल्या कुठल्याच फोटोशी ती जुळत नाही आणि दोन घाट ओलांडले की तिथली आणखी निराळी दिसते. ही नवी प्रजाती असेल का? असेल तर पुढे काय करायचं? आणि एवढ्याशा पट्ट्यात इतक्या प्रजाती झाल्या कशा?

नवी असू शकते. पण रंग जुळत नाही, एवढ्यावर काहीच ठरत नाही. या गटात हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन पाली लाखो वर्षांपूर्वी एकमेकींपासून दुरावलेल्या निघतात, आणि अगदी वेगळ्या दिसणाऱ्या दोन पाली एकाच जोडीतले नर-मादी निघतात. म्हणून आधी गट ओळखायचा, मग जवळच्या ज्ञात प्रजाती बाजूला काढायच्या आणि त्यानंतरच 'नवी' हा शब्द तोंडातून काढायचा.

गोल बाहुली, दिवसाचा वावर आणि बोटांखाली रुंद चिकट गाद्या नसणं या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर ती 'निमास्पिस' गटातली पाल आहे, असं महाराष्ट्रात तरी बिनदिक्कत म्हणता येतं. घरातल्या पाली 'हेमिडॅक्टिलस' गटातल्या. त्यांची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते आणि बोटांखाली दुभंगलेल्या पट्ट्यांच्या गाद्या असतात. घाटातल्या निमास्पिस लहान, नाकाच्या टोकापासून अवस्करापर्यंत (शेपटीच्या मुळाशी असलेल्या उत्सर्गाच्या छिद्रापर्यंत) बहुतेक ४० मिलिमीटरच्या आतल्या. माणसाची चाहूल लागताच दगडाच्या खालच्या अंगाला जातात, म्हणून कातळाच्या कपारी, देवळाच्या दगडी भिंती आणि ओढ्याकाठचे धोंडे आधी पाहावेत.

महाराष्ट्रापुरती या गटाची यादी गेल्या पंधरा-वीस वर्षांत कशी वाढली ते पाहिलं की तुमचा संशय अनाठायी नाही हे कळतं. कोल्हापूरच्या दाजीपूर परिसरातून 'निमास्पिस कोल्हापूरेन्सिस' २००९ मध्ये नोंदली गेली, कासच्या बाजूची 'गिरिआय' २०१४ मध्ये, आंबोलीची 'फ्लाविव्हेंट्रॅलिस' २०१६ मध्ये. २०१८ मध्ये 'अजिजे', 'लिमयेआय', 'महाबली' आणि 'आंबोलीएन्सिस' आल्या. २०१९ मध्ये आंबा गावाच्या नावाने 'आंबा' आणि कोयनेच्या नावाने 'कोयनाएन्सिस'. म्हणजे तुमच्या दोन घाटांच्या टप्प्यातच तुलनेला घ्याव्या लागतील अशा पाच-सहा प्रजाती आहेत. पुस्तकातला फोटो जुळत नाही याचं सर्वांत साधं कारण बहुधा हेच, की पुस्तक या नावांच्या आधीचं आहे.

आता फोटो. फोनवर काढलेला पाठीचा एक फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. लागतात ते असे : संपूर्ण पाठ वरून, डोकं बाजूने (बाहुली आणि ओठांवरचे खवले दिसतील असं), शेपटी मुळापासून टोकापर्यंत आणि शक्य झालं तर पोटाची बाजू. पाल कपारीच्या छतावर उलटी बसली असेल तेव्हा खालून पोटाचा फोटो मिळतो, फक्त घाई करू नये. पकडू नका. हात लागला की शेपटी तुटते, आणि शेपटी हा या गटात ओळखीचा मोठा भाग आहे. पुन्हा उगवलेल्या शेपटीवर मूळचे पट्टे नसतात, काटेरी खवल्यांची कडीही नसते, खालच्या खवल्यांची मांडणी बदललेली असते. अशा शेपटीवरून 'पट्टे नाहीत, म्हणून वेगळी' असा निष्कर्ष काढण्याची चूक नेहमी होते. शेपटीचा रंग वा पोत मधेच एका रेषेत बदलला असेल तर तिथून पुढचा भाग नवा आहे, तो तुलनेत धरायचा नाही.

रंगाचंही तेच. पिवळा वा नारिंगी गळा आणि पोट हे बऱ्याच प्रजातींत पूर्ण वाढलेल्या नराचं लक्षण आहे. माद्या आणि पिल्लं करडी-तपकिरी, ठिपकेदार. सकाळी थंडगार दगडावर बसलेली पाल काळपट दिसते आणि तीच तासाभराने फिकी होते. त्यामुळे एका ठिकाणचा नर आणि दुसऱ्या ठिकाणची मादी यांची तुलना करून दोन प्रजाती मोजू नयेत. फोटोसोबत तारीख, वेळ, समुद्रसपाटीपासूनची उंची, जीपीएसचे आकडे आणि पाल कशावर होती (जांभा, काळा कातळ, झाडाचं खोड, बांधकाम) एवढं लिहून ठेवा. आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी करण्याच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर नेमकं ठिकाण झाकण्याचा पर्याय निवडा. एखाद-दुसऱ्या सड्यापुरत्या (कातळाच्या उघड्या पठारापुरत्या) राहिलेल्या प्राण्याचे अचूक आकडे सगळ्या जगाला खुले करण्याची गरज नाही.

नमुना गोळा करणं ही पुढची पायरी, आणि ती हौसेने करायची नाही. वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती संशोधन संस्थेमार्फत मिळते. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत संग्रहालयातच ठेवावा लागतो. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांसाठी ते बहुधा मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग (त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे). घरातल्या बाटलीत ठेवलेली पाल कायद्याने गुन्हा ठरू शकते आणि विज्ञानाला तिचा उपयोगही नसतो, कारण परवानगीचा क्रमांक नसलेला नमुना कुठलंही चांगलं नियतकालिक स्वीकारत नाही.

परवानगी असलेला अभ्यासक काय करतो ते कळलं तर मागून होणारे घोळ कुठून येतात हेही कळेल. एका नमुन्यावर काम होत नाही. निदान तीन-चार पूर्ण वाढलेले नर आणि तेवढ्याच माद्या हव्यात, कारण एकाच ओढ्यावरच्या पालींतही खवल्यांची संख्या थोडी खालीवर होते. ती किती होते हे माहीत नसेल तर दोन ठिकाणांतला फरक खरा की योगायोगाचा, ते सांगता येत नाही. भुलीच्या औषधाने (बहुधा आयसोफ्लुरेन) प्राणी निपचित केल्यावर सर्वांत आधी डीएनएसाठी यकृताचा किंवा शेपटीच्या टोकाचा तुकडा काढायचा. तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. तो निर्जल इथेनॉलमध्ये टाकायचा, तुकड्याच्या निदान दहापट इथेनॉल हवं, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं. मग उणे २० अंशांवर. इथे स्वस्तातलं डिनेचर्ड स्पिरिट वापरलं तर पुढे डीएनए तुटका निघण्याची किंवा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) फसण्याची पाळी येते.

बाकी शरीर फॉर्मॅलिनमध्ये. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी फॉर्मॅलिन आणि मग तुकडा, तर डीएनए जवळपास हातचा गेला. फॉर्माल्डिहाइड प्रथिनं आणि डीएनए एकमेकांत गुंतवून टाकतं. जुन्या संग्रहालयांतल्या नमुन्यांमधून डीएनए काढणं इतकं खर्चिक आणि बेभरवशाचं आहे ते यामुळेच. प्रमाणातही गोंधळ होतो. बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा १ भाग आणि पाणी ९ भाग घेतलं की 'दहा टक्के फॉर्मॅलिन' होतं, आणि त्यात फॉर्माल्डिहाइड साधारण ४ टक्के असतं. या दोन टक्केवाऱ्यांची गल्लत करून कुणी फॉर्मॅलिनच ४ टक्के केलं की नमुना आतून सडतो. पोटात थोडं टोचून आत द्रव सोडायचा, पाल ट्रेमध्ये सरळ मांडायची, बोटं फाकवून ठेवायची. बोटं मुडपून ताठ झाली की खालच्या पट्ट्या पुन्हा मोजता येत नाहीत. साधारण २४ तासांनी स्वच्छ पाण्यात धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये. ९६ टक्क्यांचं इथेनॉल असेल तर ७३० मिलिलिटर घेऊन पाण्याने १ लिटर करायचं. पिवळा रंग यात काही दिवसांत उडतो, म्हणून जिवंतपणीचे फोटो नमुन्याच्या क्रमांकानिशी जपायचे असतात. फोटो कुठल्या नमुन्याचा हे नंतर आठवणीवर सोडलं की कागदावर वेगळीच पाल तयार होते.

मोजमापं डिजिटल कॅलिपरने, ०.१ मिलिमीटरपर्यंत, एकाच माणसाने, एकाच बाजूची. नाक ते अवस्कर, काख ते जांघ, डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्याचा व्यास, नडगी, शेपटी. जिवंत पालीचं माप आणि इथेनॉलमधल्या पालीचं माप एका तक्त्यात घालू नये, शरीर आकसतं. पण या गटात मापांपेक्षा खवलेच जास्त बोलतात. सूक्ष्मदर्शकाखाली इथेनॉल सुकत येतं तेव्हा खवल्यांच्या कडा उठून दिसतात, तो क्षण मोजणीचा. पाठीवर मोठे दाणे आहेत का आणि किती ओळींत, कुशीवर काट्यासारखे खवले आहेत का, पोटावर मधोमध आडव्या ओळीत किती खवले, मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखाली किती पट्ट्या, आणि नराच्या मांडीवर व अवस्करापुढे किती छिद्रं.

या छिद्रांवर थोडं थांबायला हवं, कारण पहिली चाळणी तिथेच लागते. नराच्या या छिद्रांतून मेणासारखा स्राव येतो आणि त्याने तो आपली जागा वासाने खुणावतो. कोल्हापूरेन्सिसमध्ये ही छिद्रं एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग ओळीत असतात, वीसहून जास्त. गिरिआयमध्ये अवस्करापुढे छिद्रंच नसतात, फक्त मांड्यांवर मोजकी. म्हणजे तुमच्या पालीच्या नराचा मांड्यांकडचा एक स्पष्ट फोटो मिळाला तर ती या दोन्हींपैकी कुठल्या बाजूची हे तिथल्या तिथे सांगता येतं. मात्र तो नर पूर्ण वाढलेला हवा. पिल्लांत आणि माद्यांत छिद्रं दिसत नाहीत आणि 'छिद्रं नसलेली नवी प्रजाती' असं काहीतरी हाती लागल्याचा भास होतो.

यानंतर डीएनए. आपल्याकडच्या पालींसाठी मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकातलं, ज्याला स्वतःचा डीएनए असतो) 'एनडी२' हे जनुक वापरण्याचा प्रघात आहे, लांबी साधारण १,०४१ डीएनए-अक्षरं. फायदा असा की ते भरभर बदलतं, त्यामुळे जवळच्या नातलगांतही फरक दिसतो, आणि तुलनेला जेनबँकेत (डीएनएच्या खुल्या आंतरराष्ट्रीय संग्रहात) पुष्कळ क्रम, म्हणजे वाचलेल्या अक्षरांच्या ओळी, उपलब्ध आहेत. धोके तीन. पहिला : पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली त्या जनुकाची मेलेली नक्कल चुकून वाचली जाते. ती ओळखायला क्रम प्रथिनात उलगडून पाहायचा, मधे थांब्याचा संकेत आला तर शंका घ्यायची. पण उलगडताना पृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाची संकेतसारणीच (कुठली तीन अक्षरं म्हणजे प्रथिनातला कुठला घटक, याचा तक्ता) निवडली पाहिजे. नेहमीच्या सारणीत 'टीजीए' म्हणजे थांबा, इथे मात्र ते ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा घटक. चुकीची सारणी लावली की चांगला क्रम कचऱ्यात जातो. दुसरा : जेनबँकेत नाव चुकीचं लावलेले क्रम आहेत. ज्या क्रमाला संग्रहालयाचा नमुना क्रमांक नाही त्याच्या नावावर विसंबू नये. तिसरा धोका मोठा आहे : टक्केवारीची भुरळ. 'पाच टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती' असा नियम कुठेही नाही. १६एस हे जनुक एनडी२ पेक्षा सावकाश बदलतं, त्यावरचे पाच टक्के आणि यावरचे पाच टक्के यांचा अर्थ एक नाही. शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. माद्या जन्मस्थानाजवळ राहिल्या आणि नर इकडे-तिकडे गेले तर आईकडच्या वारशात मोठी फूट दिसेल, पण प्रत्यक्षात सगळे एकमेकांत मिसळत असतील. म्हणून आरएजी१ सारखं एखादं केंद्रकातलं जनुक सोबत पाहावं.

पुष्कळशा वादांचं मूळ इथेच आहे. प्रजाती हा एक अंदाज आहे : हा समूह त्या समूहापासून वेगळी वाट धरून चालला आहे, असा. त्याला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन-तीन पुरावे हवेत. खवल्यांची मांडणी कायम वेगळी, आईकडचा वारसा वेगळा, केंद्रकातला वारसा वेगळा, आणि जमलं तर दोघी एकाच जागी राहूनही मिसळत नाहीत हे निरीक्षण. हा शेवटचा पुरावा सर्वांत भक्कम. दोन प्रजाती एकाच ओढ्यावर, एक खडकावर आणि दुसरी झाडावर अशा सापडल्या तर वाद संपतो. उलट एक सड्याच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला, मधला प्रदेश कुणी पाहिलेलाच नाही, अशा वेळी फरक हळूहळू बदलत गेलेलाही असू शकतो. मधल्या गावांतले नमुने न पाहता दोन टोकांना दोन नावं देणं मला घाईचं वाटतं, आणि अशी घाई अलीकडे होते आहे.

जुन्या नावांचा तिढा वेगळाच. इंग्रज अमदानीत ठेवलेल्या नावांचं मूळ ठिकाण कधी नुसतं 'दख्खन', कधी 'मलबार' असं नोंदलेलं असतं. नवं नाव देण्याआधी ते जुनं नाव नेमक्या कुठल्या पालीचं, हे ठरवावंच लागतं, नाहीतर तुमचं नवं नाव जुन्याचं दुसरं नाव ठरून रद्द होतं. घरपालींचं उदाहरण बोलकं आहे. भारतभरच्या ठिपकेदार पालींना 'हेमिडॅक्टिलस ब्रूकी' म्हणण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. मुळात त्या नावाचा संबंध बोर्निओतून आलेल्या नमुन्याशी. आपल्याकडच्या पाली तपासल्यावर त्या ग्लीडोवी, मरेआय, पार्व्हिमॅक्युलेटस अशा वेगवेगळ्या निघाल्या.

नाव देण्याची रीत प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने बांधून दिली आहे. एक नमुना होलोटाइप (त्या नावाचा आधार ठरणारा नमुना) म्हणून नेमायचा (२००० पासून हे सक्तीचं आहे), तो कुठे ठेवला ते लिहायचं, इतरांपासून फरक शब्दांत मांडायचा. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकात छापणार असाल तर झूबँकेत (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत) आधी नोंदणी हवी, ती २०१२ पासून. पुरुषाच्या नावावरून नाव असेल तर शेवटी 'आय', बाईच्या नावावरून असेल तर 'ए'. वर्तमानपत्रातली बातमी किंवा फेसबुकवरची पोस्ट ही नामकरण नव्हे, हे मुद्दाम सांगावं लागतं.

आता शेवटचा भाग, इतक्या प्रजाती कशा? सोपं वाटणारं उत्तर असं दिलं जातं की सह्याद्री फार जुना, म्हणून. ते अपुरं आहे. आपल्याकडचा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, पण कातळ जुना म्हणून त्यावरची प्रत्येक प्रजाती तेवढी जुनी ठरत नाही. निमास्पिसची बहुतेक विविधता दक्षिणेला, केरळ-तमिळनाडूच्या घाटांत आहे. उत्तरेकडे मोजक्याच शाखा आल्या आणि इथे फुटल्या.

फुटल्या त्या स्वभावामुळे. या पालीला सावली, ओल आणि भेगा असलेला खडक लागतो, आणि ती तो सोडत नाही. उघडं माळरान तिच्यासाठी समुद्र आहे. सुमारे ७०-८० लाख वर्षांपूर्वी उपखंडात हवामान कोरडं होत गेलं आणि गवताळ प्रदेश पसरले, याचे पुरावे हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या गाळात मिळतात. अशा प्रत्येक कोरड्या काळात सलग जंगल तुटून खोऱ्याखोऱ्यांत आणि शिखराशिखरांवर आक्रसतं, प्रत्येक तुकड्यातल्या पाली आपापल्या अडकतात, आणि त्यांच्यात होणारे बदल पलीकडे पोचत नाहीत. यात 'जो तो आपापल्या परिस्थितीशी जुळवून घेत बदलला' असं फारसं नसतं. सगळ्यांचं काम तेच : दगडाच्या कपारीत राहायचं आणि किडे खायचे. म्हणून रूप तेच राहतं आणि वारसा मात्र दुरावत जातो. उलटं उदाहरण घरपालीचं. ती बोटी, ट्रक आणि फर्निचर यांतून माणसाबरोबर हिंडते, म्हणून तिचा पसारा प्रचंड आणि त्या मानाने फाटे कमी.

रूप किती फसवं असतं याची आणखी एक बाजू आहे. दूरचे नातलगही सारख्या कामामुळे सारखे दिसू लागतात. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशिया इथल्या गोल बाहुलीच्या, गाद्या नसलेल्या पालींना एकच 'निमास्पिस' नाव होतं. २०१२ मध्ये जनुकांवरून त्या तीन स्वतंत्र शाखा असल्याचं दिसलं. त्याच अभ्यासात पालींच्या इतिहासात चिकट गाद्या ११ वेळा स्वतंत्रपणे आल्या आणि ९ वेळा गेल्या, असा हिशेब निघाला. सिंधमधली, माशासारखे एकावर एक चढलेले खवले असलेली पाल 'टेराटोलेपिस' या वेगळ्या गटात ठेवलेली होती. २००८ मध्ये ती आणि कोकणातल्या जांभ्या सड्यांवरची, जमिनीवर राहणारी 'अल्बोफॅसिएटस' या दोघी हेमिडॅक्टिलसच्याच शाखेत बसतात हे सिद्ध झालं. जमिनीवर उतरल्यावर रूप बदललं, घराणं तेच.

वयांचे आकडे वाचताना मात्र सावध. 'या दोन प्रजाती इतक्या लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या' हे जनुकीय घड्याळावरून काढलेलं असतं आणि ते घड्याळ जीवाश्मांवरून लावावं लागतं. भारतीय पालींचे जीवाश्म फारच थोडे, त्यामुळे दुसऱ्या अभ्यासांतली वयं उसनी घेतली जातात. मधला आकडा बातमीत येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना चुकीची मोकळीक किती धरली आहे, ते मूळ शोधनिबंधात पाहावं.

तुमच्यासाठी तातडीचं काम : दोन्ही घाटांतल्या पूर्ण वाढलेल्या नरांचे वर सांगितले तसे फोटो, आणि मधल्या दोन-तीन गावांतल्या कातळांचेही. मधल्या गावात पाल नाही दिसली तर 'शोधली, नाही सापडली' हेही तारखेनिशी लिहा, तीसुद्धा माहितीच आहे. शिवाय अंडी. या पाली एका वेळी बहुधा दोन, कडक कवचाची अंडी कपारीत चिकटवतात आणि अनेक माद्या एकच कपार वापरतात. फुटलेल्या अंड्यांचे पांढरे गोल डाग दगडावर पुढे बराच काळ राहतात. त्यावरून वस्ती किती जुनी, किती मोठी आणि खाणीच्या किंवा रस्त्याच्या कामात नेमका कुठला दगड वाचवायला हवा हे सांगता येतं. वर्षभर त्याच जागी राहणारा माणूसच हे करू शकतो, दोन दिवसांसाठी आलेल्या अभ्यासकाला ते जमत नाही.